वेशीवरची अक्षरे

अकोल्याच्या दक्षिणेला, वाशीम-पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बार्शीटाकळी हे तालुक्याचे गाव आहे. गावात कालंका देवीचे जुने दगडी मंदिर असून तिथल्या शिलालेखावर शके १०९८, म्हणजे इ. स. ११७६-७७ हे वर्ष आहे. लोक मंदिराला हेमाडपंती म्हणतात. पण ज्या हेमाद्री पंडिताच्या नावावरून हा शब्द रूढ झाला, तो यादवांचा मंत्री त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळाने पुढे आला. शके १०९८ मध्ये देवगिरीच्या यादवांनी स्वतंत्र राज्यसुद्धा उभारले नव्हते. एकंदरीत, अक्षरे समोर कोरलेली असताना गावाने मंदिराला नाव मात्र ऐकीव कथेवरून दिले. याचे कारण साधे आहे. लेख संस्कृतात आहे, आणि गावात तो वाचणारे फार थोडे होते.

भिंतीवर अक्षरे कोणासाठी लिहायची, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो विचारण्याला निमित्तही आहे. बार्शीटाकळीला लागून असलेल्या पातूर तालुक्यात नगर परिषदेच्या इमारतीवरची पाटी पाच वर्षे वादात होती. पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू. उर्दूची ओळ राहू द्यावी की नाही, हा प्रश्न नगर परिषदेच्या सभेतून निघून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने ती ओळ कायम ठेवली. हा निकाल कायद्याच्या अंगाने बराच चर्चिला गेला. वऱ्हाडच्या भिंतींवर अक्षरे कशी आली, कोणाच्या हातून आली आणि कोणासाठी आली, या आठ-साडेआठ शतकांच्या इतिहासात मात्र त्याला कोणी ठेवून पाहिले नाही. तसे पाहिले तर पातूरची पाटी त्या परंपरेचा एक नवा टप्पा ठरते.

म्हाताऱ्यांची भाषा

बार्शीटाकळीचा लेख कोरला जात होता तेव्हा आसपासच्या शेतांत, बाजारांत लोक मराठीच बोलत असणार. दक्षिणेत श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाचे काम कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत नोंदले गेले होते. डोंगरावर येणारे यात्रेकरू तीन भाषांचे होते, म्हणून दगडही तीन भाषांत बोलला. वऱ्हाडच्या या मंदिराने ते केले नाही. दात्याची कीर्ती, देवाची स्तुती, तिथी आणि संवत्सर हा मजकूर पंडितांच्या आणि देवाच्या दरबारात नोंदवायचा होता. तो गावाला कळावा ही अपेक्षाच नव्हती.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच याच वऱ्हाडात या रीतीला आव्हान मिळाले. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव. चक्रधर मूळचे गुजरातेतले. पण त्यांनी उपदेश केला तो मराठीत. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले, त्या कामाशी रिद्धपूरचे नाव कायमचे जोडले गेले आहे. चक्रधरांच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजांना त्यांनी अडवले आणि कारण दिले ते अनुयायांमधल्या म्हाताऱ्या बायकांचे. संस्कृतात लिहिले तर त्या वंचित राहतील. भाषेचा निर्णय विषयाच्या प्रतिष्ठेवरून न करता ऐकणाऱ्याच्या गरजेवरून करावा, हे तत्त्व मराठी वाङ्मयाच्या अगदी आरंभी, वऱ्हाडच्या भूमीत मांडले गेले.

त्याच पंथाने पुढे उलटी वाटही धरली. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या तयार केल्या. अक्षरांची अदलाबदल करून मराठी मजकूर मराठी माणसालाच वाचता येऊ नये अशी ती योजना होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली आणि यवतमाळच्या डॉ. य. खु. देशपांड्यांसारख्या संशोधकांनी हे दालन अभ्यासकांपुढे मांडले, तोवर मराठीतला हा आद्य गद्याचा ठेवा मठांच्या बासनांत बंद होता. लिपी दार उघडते, तशीच ती दार लावतेही. पुढच्या सगळ्या इतिहासात हे लक्षात ठेवले पाहिजे.

महाकाली दरवाजा आणि गंडभेरुंड

अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर नरनाळा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा पांढरट वालुकाश्माचा. कमळे, जाळीदार सज्जे आणि अरबी अक्षरांचे पट्टे यांनी तो नखशिखांत सजलेला आहे. १४८७ च्या सुमारास, बहमनी सुलतान महमूदशाहाच्या काळात तो उभा राहिला. काम करवणारा फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क, म्हणजे पुढे एलिचपूरच्या इमादशाहीचा संस्थापक. दरवाजावर कुराणातली वचने आहेत, आणि लोकांच्या तोंडी त्याचे नाव आहे महाकालीचे. कोरलेली अक्षरे एक सांगतात आणि गावकऱ्यांची जीभ दुसरे. दोन्ही पाचशे वर्षे एकाच कमानीखाली नांदत आली आहेत.

फत्तेउल्ला जन्माने कानडी हिंदू होता, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. विजयनगरच्या मोहिमेत तो लहानपणी पकडला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर दिल्ली दरवाजाच्या माथ्याशी दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. हेच चिन्ह विजयनगरच्या नाण्यांवर दिसते. फत्तेउल्लाच्या मूळ गावाची ही आठवण असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. गंडभेरुंड दख्खनच्या इतर किल्ल्यांवरही आढळतो, तेव्हा हा पुरावा निर्णायक म्हणता येत नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. वऱ्हाडच्या एका राज्यकर्त्याची जन्मभाषा कानडी, दरबाराची भाषा फारसी, धर्मग्रंथाची अरबी आणि रयतेची मराठी होती. यांपैकी कानडीला दगडावर अक्षर मिळाले नाही. मिळाले असेल तर एक चित्र.

अरबी-फारसी लेख कोरण्याची रीत नागरीपेक्षा वेगळी आहे. नागरी लेखात पाथरवट सहसा अक्षरच खोदतो. बहमनी लेखांत बहुतेकदा अक्षराभोवतीचा दगड काढून टाकतात, अक्षर उठावाने उभे राहते. आधी लेखनिक मजकूर आखून देतो, मग छिन्नी चालते. दोन कारागिरांची एकमेकांशी इतकी जुळणी लागते की छिन्नी चालवणाऱ्याला ती भाषा येत असलीच पाहिजे असे नाही. एखाद्या स्थानिक पाथरवटाला अलिफ आणि लामचा उच्चार ठाऊक नसेल, पण त्यांची उंची आणि झोक त्याने अचूक साधला. वऱ्हाडातल्या भाषांची खरी गाठ अशा ठिकाणी पडत होती. अर्थ कळण्याच्या आधी हात एकमेकांना ओळखत होते.

दोन्ही परंपरांत अक्षरांचा आणखी एक खेळ सारखा आहे. फारसी लेखात वर्ष पुष्कळदा आकड्यांनी न देता एखाद्या अर्थपूर्ण शब्दसमूहाने देतात. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, आणि बेरीज केली की हिजरी सन निघतो. संस्कृत आणि जुन्या मराठीत वेद म्हटले की चार, ऋषी म्हटले की सात, नेत्र म्हटले की दोन. शक सांगण्यासाठी असे शब्द ओवले जात. एलिचपूरच्या मुन्शीला आणि बार्शीटाकळीच्या शास्त्र्याला एकमेकांची भाषा येत नसली, तरी काळाला शब्दांत लपवण्याची दोघांची हौस एकच होती.

अकोल्याची वेस

औरंगजेबाच्या अखेरच्या काळात, सतराव्या-अठराव्या शतकांच्या सांध्यावर, अकोल्याला वजीर असदखानाच्या नावाने तटबंदी झाली. म्हणून किल्ल्याचे नाव असदगड. १९१० च्या गॅझेटियरने त्याच्या लेखांची नोंद ठेवली आहे. दहीहांडा वेशीवरच्या लेखात हिजरी १११४ हे साल, बादशहा औरंगजेब आणि असदखान यांची नावे आहेत. ईदगाहवरच्या लेखात धर्मवचनांबरोबर ख्वाजा अब्दुल लतीफ याने १११६ मध्ये ती पुरी केल्याचा उल्लेख आहे. आणि अगरवेशीवर एक मराठी लेख आहे. त्याप्रमाणे हा किल्ला गोविंद आप्पाजी यांनी १८४३ मध्ये बांधला.

हा शेवटचा दावा बाकी सगळ्या लेखांच्या विरुद्ध जातो, हे गॅझेटियरकारांच्याही ध्यानात आले होते. दीडशे वर्षांपूर्वी उभा राहिलेला तट १८४३ मध्ये पुन्हा कसा बांधला जाईल? वेशीची डागडुजी किंवा एखाद्या भागाची नवी उभारणी झाली असावी आणि ‘बांधला’ हा शब्द उदारपणे वापरला गेला असावा, असा तर्क करता येतो. पण हा लेख महत्त्वाचा आहे तो वेगळ्या कारणाने. १८४३ मध्ये वऱ्हाड निजामाचे होते; इंग्रजांच्या कारभाराखाली ते १८५३ च्या तहाने गेले. निजामी दरबाराची भाषा फारसी असताना अकोल्याच्या वेशीवर एका कारभाऱ्याने आपले काम मराठीत नोंदवले. तोवर तटाने बादशहाशी बोलणे केले होते. आता एक वेस गावकऱ्याशी बोलू लागली, तीही जराशी बढाई मारत.

वेशींची नावेही पाहावीत. दहीहांडा आणि अगर ही आसपासच्या गावांची नावे. शहराचे दार आतल्या मालकाच्या नावाने न ओळखता, बाहेर ज्या गावाला वाट जाते त्या गावाच्या नावाने ओळखायचे, ही वऱ्हाडची जुनी पद्धत. फारसी लेख वर, मराठी गावाचे नाव तोंडी.

शब्दांची ये-जा

दगडावर भाषा वेगवेगळ्या राहिल्या, तोंडात राहिल्या नाहीत. वऱ्हाडचा शेतकरी स्वतःला आजही कास्तकार म्हणवतो, तो शब्द फारसी. खरीप आणि रब्बी अरबी, जिरायत आणि बागायतही त्याच वाटेने आलेले. माधव ज्यूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला तेव्हा असे शब्द मराठीत किती खोल मुरले आहेत ते पानोपानी दिसले. उलट बाजूने दखनी उर्दूने मराठीतून ‘नको’ उचलला आणि असा आपलासा केला की उत्तरेकडचा उर्दूभाषक तो ऐकून थबकतो. वऱ्हाडी माणूस ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतो, काळ्याला ‘काया’ म्हणतो. त्याच्या शेजारचा ‘मेरेकू’ आणि ‘कायकू’ म्हणतो. दोघेही आपापल्या प्रमाणभाषेच्या दृष्टीने अशुद्ध, आणि बाजारात दोघांचे व्यवहार अडत नाहीत.

या देवघेवीचे सर्वांत उंच फळ म्हणजे मराठी गझल. माधव ज्यूलियनांनी ती मराठीत रुजवली, आणि तिला मराठी बोलीचा श्वास दिला तो अमरावतीत १५ एप्रिल १९३२ रोजी जन्मलेल्या सुरेश भटांनी. वऱ्हाडातल्या उर्दू मुशायऱ्यांच्या वातावरणातून हे शास्त्र त्यांना परके राहिले नव्हते. मतला, काफिया, रदीफ हे शब्द त्यांनी बदलले नाहीत. नव्या कवींसाठी नियम लिहिले त्या पुस्तिकेचे नाव मात्र ठेवले ‘गझलेची बाराखडी’. अरबी मुळाचा काव्यप्रकार आणि देवनागरीची बाराखडी एका नावात सहज मावली. पातूरचा निकाल भटांच्या जन्मतारखेला लागला हा योगायोग आहे. पण वऱ्हाडच्या वाचकाला तो अनोळखी वाटू नये.

पाटी रंगवणारे हात

दगडी लेखांचा काळ संपला आणि रंगवलेल्या पाट्यांचा आला. दुकाने, शाळा, टांगे, पुढे ट्रक आणि निवडणुकीच्या भिंती. ज्या गावांत दोन्ही लिप्यांचे गिऱ्हाईक होते तिथल्या पेंटरला दोन्ही लिप्या हाताळाव्या लागल्या, आणि त्या एकमेकींच्या अगदी विरुद्ध स्वभावाच्या आहेत.

देवनागरी शिरोरेषेला लटकते. पेंटर खडूच्या दोऱ्याने सरळ रेघ मारतो आणि अक्षरे तिच्याखाली टांगतो; उभे दंड समान अंतरावर आले की ओळ आपोआप शिस्तीत बसते. उर्दूची नस्तालिक लिपी उजवीकडून सुरू होते आणि प्रत्येक शब्द वरून खाली, डावीकडे उतरत जातो. तिला सरळ रेघ पुरत नाही. तिचे माप नुक्त्याचे. तिरप्या कापलेल्या कलमाचा एक ठिपका हे एकक धरून अक्षराची लांबी-रुंदी ठरते. म्हणूनच निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडल्यानंतरही उर्दू कितीतरी काळ दगडछापावर, कातिबाच्या हातावर अवलंबून राहिली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नूरी नस्तालिक संगणकावर आले तेव्हा कुठे वर्तमानपत्रांतून कातिबाची बैठक उठू लागली. त्याच सुमारापुढे फ्लेक्सने पेंटरचा ब्रशही खाली ठेवायला लावला. दोन्ही लिप्यांचा गळा एकाच पाटीवर जुळवणारे हे कसब कोणत्याही कलाशाळेत नोंदले गेले नाही. कारागिरांच्या सह्या पाटीच्या कोपऱ्यात होत्या. पाट्यांबरोबर त्याही गेल्या.

ज्यांना दगड मिळाला नाही

आतापर्यंतच्या यादीत संस्कृत, अरबी, फारसी, मराठी आणि उर्दू आल्या. वऱ्हाडच्या भाषा एवढ्याच नाहीत. नरनाळ्याच्या पलीकडे मेळघाटात कोरकू बोलली जाते. ती मुंडा गटातली, म्हणजे मराठीपेक्षा संथाली आणि मुंडारीची नातलग. कोरकूंनी वेशीवर अक्षरे कोरली नाहीत, पण लाकूड कोरले. मृतांसाठी सिडोलीचा विधी होतो तेव्हा कोरीव खांब उभारतात. त्याला मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि माणसांच्या आकृती असतात. शिलालेखात नाव, वंश आणि तिथी असते; मुंड्यावर यातले काहीच अक्षरांत नाही, तरी गावाला ते स्मारक कोणाचे हे ठाऊक असते. अडचण इतकीच की लाकूड कुजते आणि जाणती माणसे जातात.

बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद भागात निहाली बोलणारे अवघे दोन-अडीच हजार लोक आहेत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने ती मुंडा गटात टाकली होती. १९६२ मध्ये डच अभ्यासक काउपर यांनी तिचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. कोरकू, मराठी आणि द्राविडी शब्दांचे थर बाजूला केले की तळाशी जे उरते ते जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी जुळत नाही, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. इतकी एकाकी भाषा वऱ्हाडात आहे, आणि तिच्यातली एकही ओळ कोणत्या वेशीवर नाही. तांड्यांवरची बंजारा बोली राजस्थानी वळणाची. तिचे अक्षर कापडावरच्या आरशांच्या भरतकामात आणि होळीच्या लेंगी गीतांत आहे.

पाटीचा अर्थ

आता पुन्हा पातूरकडे वळू. एका माजी नगरसेविकेचा आक्षेप असा होता की नगर परिषदेचा कारभार मराठीतच चालला पाहिजे, म्हणून पाटीवर दुसरी भाषा नको. फेब्रुवारी २०२० मध्ये नगर परिषदेने बहुमताने तो फेटाळला. १९५६ पासून तिथे उर्दूचा वापर होत आला होता. २०२२ मध्ये राज्याने स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा केला आणि मराठी अनिवार्य केली. पण मराठी असल्यावर तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहू नये, असे त्या कायद्यात नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, आणि पाटीचे काम माणसापर्यंत पोचण्याचे आहे, असा निकालाचा आशय होता.

या वादात मराठीच्या बाजूची चिंता खोटी नव्हती. कार्यालये, न्यायालये आणि उच्च शिक्षण यांत मराठीला अजून झगडावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले, तरी खेड्यातल्या मराठी शाळेची दुरवस्था त्याने आपोआप सुटत नाही. पण ती लढाई पातूरच्या पाटीवरची खालची ओळ पुसून जिंकता आली नसती. वरची ओळ मराठीचीच होती.

इतिहासाच्या दृष्टीने या पाटीत नवे काय आहे? नरनाळ्याचे फारसी-अरबी लेख सुलतानासाठी होते, बार्शीटाकळीचा संस्कृत लेख दात्यासाठी. त्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या हिंदू किंवा मुसलमान शेतकऱ्याला ते वाचता येत नव्हते. पातूरच्या पाटीवरची उर्दू ही दरबाराची फारसी नाही. ती गावातल्या माणसांची, त्यांच्या मुलांच्या शाळेची भाषा आहे. कर कुठे भरायचा, जन्मदाखला कुठे मिळतो, हे सांगणारी. राज्यकर्त्याने स्वतःचे नाव कोरण्यासाठी भाषा निवडणे आणि नागरिकाला रस्ता सापडावा म्हणून भाषा निवडणे, यांत नागदेवाचार्यांनी केलेला भेद आहे. म्हाताऱ्यांना कळेल असे लिहा, हा वऱ्हाडचाच जुना दंडक तिथे पाळला गेला.

तो दंडक मान्य केला तर पुढचे काम दिसते. मेळघाटातल्या दवाखान्याच्या दारावर देवनागरीतच, पण कोरकू भाषेत एक ओळ लिहायला कायदा आड येत नाही. जळगाव जामोदच्या शाळेच्या भिंतीवर निहाली आकडे रंगवायला एक ब्रश आणि एक निहाली आजी पुरे. ती आजी असेपर्यंत हे करायला हवे.